डोंबिवलीहून टाटा हॉस्पिटल (परळ): प्रत्येक ॲप वेगळाच रस्ता दाखवतंय, कुणाचं ऐकू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी कराडचा. येत्या सोमवारी आईला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचंय. उतरणार डोंबिवली पूर्वेला मावशीकडे. मावशीचे गुडघे गेलेत, मावसभाऊ बंगळूरला असतो, त्यामुळे सोबत यायला कुणी नाही. मुंबईत आलोय ते लग्नाकार्याला, तेही गाडी करून. लोकलमध्ये बसायची वेळ कधी आली नाही.

गेले काही दिवस घरी बसून मोबाइलवर सराव करतोय आणि डोकं आणखीच फिरलंय. गूगल मॅप्स सांगतं, जलद लोकलने दादर आणि तिथून बस. थोड्या वेळाने बघितलं की सांगतं, दादरला उतरून धीमी लोकल धरा, परळला उतरा आणि पंधरा-वीस मिनिटं चाला. परवा तर ठाण्याला गाडी बदलून पनवेलकडे न्यायला लागलं! एम-इंडिकेटरपण घेतलंय. त्यात गाड्यांची जंत्री आहे, पण प्रत्येक गाडीपुढे एस, एन, के, टीएल असली अक्षरं. काही कळत नाही.

आईला जिने झेपत नाहीत. थोडं चाललं की बसावं लागतं. साडेआठपर्यंत पोचायचंय. यातल्या कोणत्या ॲपवर भरवसा ठेवू?

नील_ऐरोली:

दादा, मुंबई वन ॲप घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलंय. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे-नवी मुंबईच्या बसेस, सगळं एकाच क्यूआरवर, ११ संस्था आहेत त्यात. आणि मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झालीय, ती बघा. एसी, सरकते जिने, आईंना त्रास नाही.

चौथी_सीट:

नील, मेट्रो ३ परळ पूर्वेला जातच नाही रे. ती पलीकडून, सिद्धिविनायक-वरळीकडून जाते. आणि ह्यांना ११ संस्थांची तिकिटं नकोत, आईला बसायला जागा हवीय.

कृष्णाकाठ, मी डोंबिवलीची, नोकरी परळला. रोजचा रस्ता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मोबाइल ठेवा आणि हॉस्पिटलच्या कागदावर पत्ता कुठला आहे ते वाचा. टाटाचंच एक मोठं केंद्र खारघरला आहे, ॲक्ट्रेक नावाचं. नुसतं ‘टाटा हॉस्पिटल’ टाकलं की कधी कधी तो पत्ता उचलला जातो. तुम्हाला ठाण्याहून पनवेल लाइनवर पाठवलं ते बहुतेक त्यामुळेच. कागदावर परळ असेल तर ‘टाटा मेमोरियल हॉस्पिटल, परळ’ असं पूर्ण टाका. आणि लोअर परळ हे वेगळं स्टेशन आहे, पश्चिम रेल्वेवर. कुणी घाईत ‘लोअर परळला उतरा’ म्हणालं तर ऐकू नका.

आता कुणावर भरवसा ठेवायचा ते. तिन्ही-चारही ॲप आपापल्या जागी खरं बोलतायत, पण ती मिनिटं मोजतात. जलद लोकल दादरला लवकर पोचते, म्हणून गूगल ती वर दाखवतं. सकाळी सात-साडेसातला डोंबिवलीहून जलद लोकलमध्ये आजारी माणसाला चढवणं म्हणजे काय, ते त्याला कोण सांगणार? गाडीपुढे ‘गर्दी’ असं लिहिलेलं दिसेलही. पण आमच्याकडे गर्दी म्हणजे पाय फलाटावरून उचलला की तो कुठे टेकवायचा हे आपल्या हातात नसतं. बरं, चढलात तरी दादरला लोंढ्याबरोबर उतरायचं, मग पूल चढायचा आणि दुसरी गाडी नाहीतर बस शोधायची. हे तुमच्या आईंसाठी नाही.

तुम्ही धीमी लोकल घ्या, थेट परळ. डोंबिवलीहून तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. एम-इंडिकेटरमध्ये डोंबिवली ते परळ टाका, धीम्या गाड्या दिसतील. एखाद्या गाडीवर बोट ठेवलं की तिची सगळी स्टेशनं उघडतात, त्यात ती कुठून सुटते ते बघा. पहिलं नाव डोंबिवली असेल तर ती गाडी आपली. यातही एक गोम आहे, जी कुठल्याच ॲपमध्ये नाही. डोंबिवलीहून सुटणारी गाडी रिकामी येत नाही. ती मुंबईकडून येते, आणि पुढच्या स्टेशनांवरची माणसं खिडकी मिळावी म्हणून उलटी डोंबिवलीला येऊन आधीच बसलेली असतात. तरी कल्याणहून भरून येणाऱ्या गाडीपेक्षा बरी. आणि साडेसहाच्या आत निघा. तिथे जाऊन चहा घेत बसलेलं परवडतं.

गाडीत बसायला मिळालं की दादर येईपर्यंत उठायचंच नाही. दादरला अर्धी गाडी खाली होते. ती ढकलाढकली बसूनच बघा. दादर गेलं की उठा, पुढचंच स्टेशन परळ, दारात तोवर मोकळं झालेलं असतं.

आईंचं निदान कॅन्सरचं असेल (तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून विचारत नाही), तर दिव्यांगांसाठीचा जो राखीव डबा असतो तो कर्करुग्णांसाठीही असतो. फलाटावर तो जिथे येतो तिथे खूण केलेली असते. डोंबिवलीच्या स्टेशन मास्तरांना आदल्या दिवशी फाइल दाखवून विचारून घ्या, तुम्हाला सोबत म्हणून बसता येईल का तेही. आईंना लेडीजमध्ये आणि तुम्ही जनरलमध्ये, असं मात्र करू नका. तुम्ही दोघंही नवखे, परळला गर्दीत एकमेकांना शोधत बसाल.

अक्षरांचं सांगते. ती गाडीच्या शेवटच्या स्टेशनाची. के कल्याण, टी ठाणे, टीएल टिटवाळा, बीएल बदलापूर, एन कसारा, एस कर्जत. एन आणि एसचा त्या गावांच्या नावाशी काय संबंध असं विचारू नका, पाठ करायचं. स्टेशनावरच्या इंडिकेटरवर एस दोन ठिकाणी दिसतो, तिथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. गावाच्या जागी असेल तर कर्जत, वेळेच्या बाजूला असेल तर स्लो. सकाळी जाताना तुम्हाला याची गरज नाही, परत येताना लागेल.

वेळेबद्दल. एम-इंडिकेटर मुळात वेळापत्रक आहे. नेट गेलं तरी उघडतं, म्हणून फोनमध्ये हवंच. पण त्यात ६:१० लिहिलं असेल तर ते छापील ६:१०. गाडी खरंच कुठे आहे ते मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर नकाशात दिसतं, २०२२ पासून ती सोय आहे. एम-इंडिकेटरच्या चॅटमध्ये लोक ‘गाडी दिव्याला उभी आहे’ वगैरे टाकत असतात, तेही वाचा. त्यातला निम्मा मजकूर शिव्यांचा असतो, तो सोडून द्या.

तुम्ही शनिवारी येऊन रविवारी रंगीत तालीम करायच्या विचारात असाल तर थांबा. रविवारी वेळापत्रक वेगळं असतं आणि मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद) असतो. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, मधली स्टेशनं गाळतात. रविवारी जे बघाल ते सोमवारी नसणार. स्टेशनावर जाऊन लिफ्ट कुठे आहे, सरकता जिना चालू आहे का, राखीव डबा कुठे येतो एवढंच बघून या. लिफ्ट बंद आहे हे ॲप सांगत नाही.

कृष्णाकाठ:

ताई, फार उपकार झाले. कागदावर परळच आहे, आणि हो, निदान तेच आहे. फलाटावर उभं राहून मोबाइलवर तिकीट काढता येतं ना? आणि परळला उतरल्यावर रिक्षा करावी म्हणतो, चालायला नको. गूगलवर अंतर किलोमीटरभरच दिसतंय.

शिवडीकर:

परळला रिक्षा नाही हो. शीव आणि वांद्र्याच्या अलीकडे, म्हणजे मूळ मुंबई शहरात, रिक्षाला परवानगीच नाही. इथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी भाडं ३१ रुपये. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाले कधी कधी नाही म्हणतात. सकाळी लवकर असाल तर मिळते. पेशंट सोबत आहे म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण पहिल्याने म्हटलंच तर हुज्जत न घालता दुसरी बघा.

बाहेर पडताना पूर्वेकडेच पडा, केईएम आणि टाटा ही दोन्ही हॉस्पिटलं त्याच बाजूला. पश्चिमेला गेलात तर प्रभादेवी स्टेशन लागेल, आणि दोन्ही बाजू जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद केलाय. तिकडून गाडीने पूर्वेला यायचं म्हणजे लांबचा वळसा.

कधी दादरला उतरायची वेळ आलीच तर बेस्टसाठी चलो ॲप आहे, त्यात बस आत्ता कुठे आहे ते दिसतं. नंबरापुढे ए असेल तर एसी बस, तिचं कमीत कमी भाडं १२ रुपये, साधीचं १०. बसच्या कपाळावर नंबर मराठी आकड्यांत असतो, ते तर आपल्याला सोपंच. आणि दादरला फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदललेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच, मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे. एखादा जुना माणूस ‘दादर एक नंबर’ म्हणाला तर तो मध्यचा जुना एक सांगतोय का, ते विचारून घ्या.

अजून एक. उपचार लांबणार असतील तर रोज डोंबिवली-परळ करू नका. दादर पूर्वेला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाचे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. जागेची अडचण असते, पण पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा.

चौथी_सीट:

शिवडीकरांचं शेवटचं मनावर घ्या. मी पण हेच लिहिणार होते.

तिकिटाचं: फलाटावर उभं राहून निघत नाही. रुळांच्या जवळ असलात की ॲप तिकीट देत नाही, विनातिकीट चढून टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांसाठी ती युक्ती आहे. मावशीच्या घरूनच काढा, पण फार आधी नको, काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा. रेल्वेचं रेलवन ॲप जुलै २०२५ मध्ये आलंय, त्यात लोकलचं तिकीट निघतं. टीसीला तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे फोन मेला की तिकीट गेलं. पहाटे उठून व्हिडिओ बघत बसू नका आणि चार्जर सोबत ठेवा. हे सगळं नको असेल तर खिडकीवर कागदाचं तिकीट मिळतं, त्यात काही कमीपणा नाही.

कराड-मुंबईच्या गाडीचंही सांगून ठेवते, कारण खेपा होतील. कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेभाड्यात सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे पहिल्या खेपेला जमणार नाही. सोमवारी तिथे असतानाच ते प्रमाणपत्र कुठे मिळतं ते विचारा.

कृष्णाकाठ:

कोयनेने यायचं ठरवलंय, कल्याणला उतरू. सवलतीचं माहीतच नव्हतं. परत येतानाची गाडी कशी निवडायची तेवढं सांगा, मग तुम्हाला त्रास देत नाही.

चौथी_सीट:

त्रास कसला. परत येताना एम-इंडिकेटरमध्ये परळहूनच सुटणारी गाडी शोधा. मार्च २०१९ पासून परळ टर्मिनस झालंय, काही धीम्या गाड्या तिथूनच कल्याणच्या दिशेने सुटतात. त्यात तुम्हाला बसायला मिळेल. तशी नसेल तर कुठलीही धीमी चालेल, फक्त शेवटचं स्टेशन कुर्ला किंवा ठाणे नको, त्या डोंबिवलीपर्यंत येत नाहीत. दुपारी चारच्या आत निघालात तर उत्तम. पाचनंतर सुटलात तर सातपर्यंत केईएमच्या बाजूला कुठेतरी खाऊन-पिऊन बसा म्हणावं तर सातलाही तीच बोंब, त्यामुळे त्या दिवशी सरळ परळहून सुटणाऱ्या गाडीचीच वाट बघा, पाच-सहा गाड्या सोडाव्या लागल्या तरी. आणि डोंबिवलीला कोणत्या बाजूला उतरायचं ते गाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा. दिवा गेलं की विचारा, आधी विचारलंत तर सगळा डबा तुम्हाला दारात नेऊन उभा करेल.

नील, तू सोमवारी मोकळा असशील तर ह्यांना परळला भेट ना. ऐरोलीहून ठाण्याला यायचं, पुढे धीमी गाडी. तुझ्या मुंबई वनवर तिकीट काढ.

नील_ऐरोली:

सकाळी साडेसातला परळ पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी. चालेल का दादा? नंबर निरोपात पाठवतो.