घरच्या वापरासाठी रुंद पडद्याचा मॉनिटर नेमका कशावरून पारखावा?

चाळीसगावकर

नमस्कार मंडळी. जिनिंगच्या हंगामात हिशेबाचे बरेचसे काम मी घरी आणून करतो आणि उरलेल्या वेळी त्याच संगणकावर मुलीचा अकरावीचा अभ्यास चालतो. आजवर १९ इंची, जवळपास चौकोनी पडद्याचा मॉनिटर पुरत होता. आता त्याचा उजेड मंद झाल्याने रुंद पडद्याचा घ्यायचा आहे. दुकानात २२, २४, २७ आणि थेट ३४ इंचांपर्यंतचे मॉनिटर दाखवतात, पण सगळ्यांवर एकच रंगीबेरंगी चित्रफीत चालू असते आणि तिच्यावरून माझ्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. टेबल दोन फूट खोल आहे, खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. एक्सेलचे लांबलचक तक्ते आणि मराठी मजकूर तासन्‌तास वाचायचा असेल, तर काय पाहून घ्यावे?

भुसावळकर

भाऊ, इंचांचा आकडा हा पडद्याच्या कर्णाचा असतो, त्यामुळे चौकोनी आणि रुंद पडद्यांची तुलना त्या आकड्यावर करू नये. तुमच्या जुन्या पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर आहे. २२ इंची रुंद पडदा उंचीला साधारण २७ सेंटिमीटरच भरतो, म्हणजे नवा मॉनिटर आणूनही तक्ता आखूड झाल्यासारखा वाटेल. २४ इंचीची उंची जुन्याइतकीच असते, तर २७ इंचीची साडेतेहतीसच्या आसपास.

त्याहून महत्त्वाचे पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनते ते बारीक ठिपके. जुन्या पडद्यावर वरून खाली १०२४ पिक्सेल आहेत आणि फुल एचडीवर (१९२० गुणिले १०८० पिक्सेल) १०८०, त्यामुळे रुंदीत स्तंभ भरपूर वाढले तरी एक्सेलच्या ओळी दोन-तीनच जास्त दिसतील. २५६० गुणिले १४४० पिक्सेलच्या पडद्यावर मात्र वीसेक ओळी वाढतात. यात एक अट आहे: २७ इंचांवर हे पिक्सेल इतके दाट बसतात की अक्षरे आत्तापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने लहान होतात. डोळ्यांना ती झेपली नाहीत आणि विंडोजमध्ये सगळ्याचा आकार १०० वरून १२५ टक्के करावा लागला, तर वाढलेल्या ओळींपैकी सहा-सातच हाती राहतात. म्हणून चश्म्याचा नंबर आधी तपासून घ्या, हे मी मनापासून सांगतो.

२७ इंची फुल एचडी मात्र टाळा. स्वस्त मिळतो, पण त्यावर इंचाला ८२ पिक्सेलच येतात. २४ इंचीवर ९२ आणि १४४० च्या २७ इंचीवर १०९ येतात. इंग्रजी मजकुरात हा फरक खपून जातो, देवनागरीत खपत नाही. पेनड्राइव्हवर सातबाऱ्याची पीडीएफ आणि एखादे मराठी पत्र घेऊन जा, दुकानदाराला ते १०० टक्के आकारात उघडायला सांगा आणि ‘विद्यार्थ्यांनी’सारखा शब्द हातभर अंतरावरून वाचा. ‘र्थ्यां’वरचा रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसले पाहिजेत, ‘वृद्ध’मधला ‘द्ध’ गिचमीड होता कामा नये.

धुळेकर ताई

पश्चिमेच्या खिडकीचा मुद्दा कोणी सोडू नये, कारण आपल्याकडे दुपारनंतर येणारे ऊन चांगल्या पडद्यालाही निस्तेज करते. पडदा चकचकीत नको, मॅट हवा. उजेड किमान २५० निट्स (पडद्याची उजळता मोजण्याचे एकक), शक्यतो ३०० असावा. टेबल असे फिरवा की खिडकी बाजूला येईल, पाठीशीही नको आणि समोरही नको. व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार. व्हीए पॅनेलचा काळा रंग आयपीएसपेक्षा पुष्कळ गडद असतो हे खरे, पण तो फायदा अंधाऱ्या खोलीत दिसतो. उजेडाच्या खोलीत पडद्यावर पडणारा प्रकाशच काळ्याला करडे करून टाकतो. शिवाय मुलीशेजारी बसून तुम्ही तिरके पाहणार असाल, तर आयपीएसचे रंग टिकतात आणि व्हीएचे फिके पडतात. तुमच्या कामाला मी आयपीएसच सुचवेन. हर्ट्‌झच्या (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते त्याच्या) मोठ्या आकड्यांसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही.

चाळीसगावकर

ताई, भाऊ, मनःपूर्वक आभार. ३४ इंची लांब पडद्यावर दोन तक्ते शेजारी मावतात असे दुकानदार म्हणतो, ते कितपत खरे? आणि माझ्या जुन्या संगणकाला मॉनिटर सध्या निळ्या व्हीजीए पिनेने जोडलेला आहे, ती चालेल का?

अमळनेरकर

तक्ते मावतात, पण ३४ इंचीची उंची २७ इंचीइतकीच असते आणि रुंदी ८० सेंटिमीटरच्या घरात जाते. दोन फुटांच्या टेबलावर स्टँडच बरीच जागा अडवतो. इतक्या जवळून कडेचे स्तंभ वाचायला दिवसभर मान वळवावी लागेल. भिंतीवरचा आर्म लावून पडदा मागे सरकवता आला तरच विचार करा, आणि त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर १०० गुणिले १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रे (आर्म बसवण्याची ठरावीक मापाची स्क्रूची छिद्रे) आहेत का ते पाहा.

व्हीजीएवर बारीक अक्षरे धूसर येतात आणि नव्या मॉनिटरला ती जागाही अनेकदा नसते. संगणकामागे डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडण्याची नवी जागा) असेल तर तोच वापरा. एचडीएमआय ही तशीच दुसरी जोडणी, पण काही जुन्या मदरबोर्डांचे (संगणकातल्या मुख्य सर्किट-पाटीचे) एचडीएमआय १९२० गुणिले १२०० च्या पुढे जात नाही. तसे असेल तर १४४० चा पडदा घेऊनही चित्र ताणलेले आणि मऊ दिसेल. मदरबोर्डचा क्रमांक पाहून याची खात्री आधी करा. पोर्ट साथ देत नसेल तर २४ इंची फुल एचडी हाच तुमच्यासाठी योग्य मॉनिटर आहे.

घरी आणल्यावर पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले पिक्सेल शोधा. रात्री दिवे मालवून काळ्या पडद्याचे कोपरे पाहा: डोके हलवल्यावर जागा बदलणारी झाक आयपीएसला असतेच, पण एकाच ठिकाणी टिकून राहणारा प्रकाशाचा ठिपका हा दोष आहे. परतीची मुदत संपण्याआधी हे उरका आणि खोके वॉरंटीभर जपून ठेवा.

उन्हाळ्याचेही ध्यानात असू द्या. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा त्याच्या वर जातो. मागे हातभर जागा मोकळी सोडा, पण कूलरचा ओला झोत पाठीवर येऊ देऊ नका. शक्य असेल तर बाहेर वेगळा अडॅप्टर असलेला मॉनिटर निवडा. विजेच्या चढउतारात अडॅप्टर गेला तर तेवढाच बदलता येतो, वीजपुरवठ्याचा भाग आत असेल तर सगळा मॉनिटर उघडावा लागतो.