आधी वाढीव चटईक्षेत्र की आधी सार्वजनिक वाहतूक?

विचारणा : उंबरठा

शहर नियोजनाविषयी वाचताना एकाच पेचाशी मी वारंवार अडखळतो. लोहमार्ग किंवा भरवशाची बससेवा नसलेल्या भागात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची परवानगी, मंजूर केले, तर तेथे राहायला येणारे प्रत्येक कुटुंब स्वतःचे वाहन घेऊनच येते आणि मूळ वस्तीच्या मापाचे रस्ते काही वर्षांत तुंबतात. उलट, वस्ती विरळ असतानाच मेट्रो किंवा जलद बससेवा सुरू केली, तर गाड्या रिकाम्या धावतात, तोटा वाढतो आणि तोटा वाढला म्हणून फेऱ्या कमी केल्या जातात. फेऱ्या कमी झाल्या की उरलेले प्रवासीही निघून जातात. मग क्रम नेमका कोणता असावा? आणि निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग नकाशात भरण्याची जी भूवापर विभागणी आपण गृहीत धरतो, तिचा या पेचाशी काही संबंध आहे का? मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणांवरून कोणी समजावून सांगितले तर आवडेल.

प्रतिसाद १ : पायवाट

आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न पडतो त्याचे एक कारण असे की घरांचा नकाशा एका कार्यालयात आखला जातो आणि गाड्यांचा दुसऱ्या. जिथे दोन्ही आखण्या एकाच टेबलावर झाल्या, तिथे हा पेच बराच सैल झालेला दिसतो.

स्टॉकहोमच्या पश्चिमेला वेलिंग्ब्यू हे उपनगर वसवले गेले, तेव्हा भुयारी रेल्वे १९५२मध्ये तेथे पोहोचली आणि उपनगराच्या केंद्राचे उद्घाटन १९५४मध्ये झाले. स्थानकाला लागून दुकाने व कार्यालये, त्यांच्याभोवती उंच इमारती, त्यापलीकडे तीन-चार मजली घरे आणि कडेला बैठी घरे अशी उतरती रचना होती. बहुतेकांना स्थानकापर्यंत चालत जाता यावे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. रहिवाशांना तेथेच काम मिळेल, ही अपेक्षा मात्र पुरती फळली नाही. बरेच जण नोकरीसाठी दुसरीकडेच जात राहिले. पण ते रेल्वेने जाऊ शकत होते, हे महत्त्वाचे.

ब्राझीलमधील कुरितिबाचे उदाहरण अधिक स्वस्त मार्गाचे आहे. तेथे १९६६च्या आराखड्यात शहराची वाढ ठरावीक अक्षांच्या दिशेने न्यायचे ठरले आणि १९७४मध्ये त्या अक्षांवर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाल्या. रचना अशी की मधोमध फक्त बस, तिच्या दोन्ही बाजूंना स्थानिक वाहनांसाठी संथ रस्ता आणि इमारतींचा एकेक गट सोडून दोन्हीकडे परस्परविरुद्ध दिशांचे एकेरी जलद रस्ते. उंच इमारतींना परवानगी मिळाली ती मुख्यतः या अक्षांना लागून. तेथून दूर जावे तशी अनुज्ञेय उंची कमी होत गेली. म्हणजे आपण ज्याला भूवापर विभागणी म्हणतो, तीच तेथे वाहतुकीचे वेळापत्रक ठरवत होती असे म्हणता येईल. तेव्हा संबंध आहे का, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की संबंध नसेल तर ते नियोजनच नव्हे.

प्रतिसाद २ : मोजपट्टी

पायवाट यांचे म्हणणे मान्य आहे. मी फक्त दोन हिशेब मांडतो, कारण या विषयात मतांपेक्षा मापे लवकर पटतात.

पहिला हिशेब रस्त्याचा. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण सातशे-आठशे मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, तर हजार-बाराशे माणसे पुढे सरकतात. त्याच मार्गिकेतून दर मिनिटाला साठ प्रवाशांची एक बस गेली, तर तासाला ३,६०० माणसे जातात. रस्ता तेवढाच रुंद राहतो.

दुसरा हिशेब घराचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उभ्या मोटारीला स्वतःची बारा-तेरा चौरस मीटर जागा लागते. तिला आत-बाहेर काढण्याची वाट आणि उतार धरले की हा आकडा पंचवीस-तीसपर्यंत जातो. साठ चौरस मीटरच्या घराला एक वाहनतळ सक्तीचा केला, तर घराच्या जवळजवळ निम्मे क्षेत्र मोटारीसाठी बांधावे लागते आणि त्याचा खर्च मोटार नसलेल्या कुटुंबाच्याही घराच्या किमतीत मिसळतो. स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या इमारतीलाही हीच सक्ती लागू असेल, तर एका हाताने दिलेली रेल्वे दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७मध्ये किमान वाहनतळांची ही अट शहरभर रद्द केली. जपानने तर १९६२पासून उलटाच मार्ग धरला आहे : मोटार घेणाऱ्यानेच ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यायचा. जबाबदारी इमारतीवरून वाहनावर सरकते. नियमांच्या भाषेत बदल लहान वाटतो, परिणाम लहान नाही.

रंगांच्या नकाशाबद्दलही एक गोष्ट जोडतो. वापरांनुसार जमिनी वेगळ्या करण्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६मध्ये युक्लिड या ओहायोतील गावाच्या खटल्यात मान्यता दिली. कारखान्याचा धूर घरांपासून दूर असावा हे योग्यच होते. पण तोच तर्क ताणत नेल्याने किराणा दुकान, दवाखाना, शाळा, एवढेच काय तर चार कुटुंबांची इमारतसुद्धा घरांपासून दूर ठेवली गेली आणि प्रत्येक छोट्या कामासाठी मोटारीचा फेरा ठरून गेला. जपानमध्ये वापर-क्षेत्रांचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरतात. आधी बारा होते, २०१८पासून तेरा आहेत. त्यांची मांडणी उपद्रवाच्या चढत्या क्रमाने आहे. सर्वांत शांत निवासी क्षेत्रातही घराला जोडून छोटे दुकान चालते आणि घर बांधायला मनाई आहे ती फक्त निव्वळ औद्योगिक क्षेत्रात. जे काम चालत जाऊन होते, त्यासाठी वाहतुकीची सोय करावी लागत नाही.

प्रतिसाद ३ : भाडेकरी

वरील दोन्ही प्रतिसादांत जमीन कोणाची, हा प्रश्न राहून गेला आहे. कुरितिबाच्या त्या अक्षांवर जमिनीचे भाव चढले आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे शहराच्या कडेला व शेजारच्या नगरपालिकांच्या हद्दीत ढकलली गेली. ज्यांना बसची सर्वाधिक गरज, तेच तिच्यापासून सर्वांत लांब राहिले. वेलिंग्ब्यूमध्ये निराळे घडू शकले, कारण स्टॉकहोमने १९०४पासूनच शहराबाहेरच्या जमिनी विकत घेऊन ठेवल्या होत्या; रेल्वे आल्यावर वाढलेले मोल शहराच्याच पदरात पडले. हाँगकाँगची रेल्वे कंपनीही स्थानकांवरच्या विकासाचे हक्क सरकारकडून रेल्वे येण्यापूर्वीच्या जमीनमूल्याने घेते आणि त्यातून मार्गांचा खर्च भागवते. पैसा कोठून आला हे न सांगता अशी उदाहरणे देणे अर्धवट आहे.

उंबरठा (विचारणाकर्ते)

सर्वांचे आभार. भाडेकरी यांचा मुद्दा मला सर्वांत अडचणीचा वाटतो. जेथे शहर आधीच वसलेले आहे आणि जवळपास सगळी जमीन खाजगी आहे, तेथे शंभर वर्षे मागे जाऊन जमिनी विकत घेता येणार नाहीत. अशा ठिकाणी सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद ४ : भाडेकरी

जमीन नसली तरी परवानगी शहराच्याच हातात असते. वाढीव चटईक्षेत्र ही शहराने निर्माण केलेली संपत्ती आहे, ती फुकट देण्याचे कारण नाही. व्हिएन्नाने २०१८मध्ये बांधकाम कायद्यात अनुदानित घरांसाठी वेगळा वर्ग आणला. मोठ्या जमिनीचा वापर बदलून नवी घरे बांधायची असतील, तर त्यातील साधारण दोन-तृतीयांश क्षेत्र अशा घरांसाठी राखावे लागते. अर्थात व्हिएन्नाकडे १९२०च्या दशकापासून उभारलेल्या महापालिकेच्या घरांचा मोठा साठा आहे, म्हणून एवढी कडक अट तेथे पेलते. इतरत्र प्रमाण कमी ठेवावे लागेल, नाहीतर कोणी बांधणारच नाही. मात्र ही अट नव्या रेल्वे किंवा बसमार्गाची घोषणा होण्यापूर्वी लागू झाली पाहिजे. घोषणेनंतर जमिनी नव्या भावाने विकल्या गेल्या की ती अट कोणालाच परवडत नाही.

प्रतिसाद ५ : मोजपट्टी

एक शंका. अट प्रमाणाबाहेर गेली की पुरवठाच आटतो, आणि पुरवठा आटला की जुन्या घरांचेही भाडे चढते. ऑकलंडने २०१६च्या आराखड्यात सुमारे तीन-चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक दाट बांधकामाला एकाच वेळी मुभा दिली. त्यानंतर बांधकाम परवाने लक्षणीय वाढले आणि त्यांत जोडघरांचा वाटा मोठा होता. सगळीकडे थोडी-थोडी मुभा असली की कोणा एका पट्ट्यातील जमीनमालकाला अडवणूक करता येत नाही. माझ्या मते स्थानकालगत अट आणि बाकी शहरात मुभा, ही जोडी बसते.

प्रतिसाद ६ : पायवाट

भाडेकरी यांची दुरुस्ती मला मान्य आहे. कुरितिबाची ती बाजू मी सांगायला हवी होती.

वसलेल्या शहरात सुरुवात कोठून, याला माझे उत्तर बस. रूळ चुकीच्या जागी पडले तर पन्नास वर्षे तेथेच राहतात. बसची मार्गिका चुकली तर रंगाच्या दोन डब्यांत दुरुस्त होते. स्टॉकहोमने २००६मध्ये गर्दी-आकारणीची, म्हणजे शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या मोटारींकडून शुल्क घेण्याची, सात महिन्यांची चाचणी घेतली, तेव्हा जादा बसगाड्या आदल्या ऑगस्टमध्येच सुरू केल्या होत्या. नुसत्या त्या बसगाड्यांनी मोटारी फारशा घटल्या नाहीत. आकारणी सुरू झाल्यावर त्या भागाची सीमारेषा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली, चाचणी संपताच बरीचशी परत चढली आणि २००७मध्ये आकारणी कायम झाल्यावर पुन्हा उतरली. जादा बस आधी आल्या नसत्या, तर मोटार सोडणाऱ्यांना दुसरे साधन मिळाले नसते आणि चाचणीला झालेला विरोध कदाचित शमला नसता.

तेव्हा उंबरठा, आपल्या मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर मी असा क्रम धरीन : आधी राखीव मार्गिका आणि दर पाच-सात मिनिटांना बस, त्याच अक्षावर किमान वाहनतळांची अट रद्द, परवडणाऱ्या घरांचा वाटा ठरवणारा नियम, आणि तो लागू झाल्यावरच वाढीव चटईक्षेत्र. रूळ टाकायचे की नाही, हे त्या बसमध्ये उभे राहायला जागा उरेनाशी झाली की ठरवावे.