जिना चढताना दुखणारी दाढ

उंबरठा
'रात्रपाळी' या डॉक्टरांनी परवा लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच की गंभीर आजार उशिरा कळतात याला पेशंटच जबाबदार, कारण त्यांना धड सांगता येत नाही. 'कसंतरी होतंय' यावर काय डोंबल निदान करायचं? वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या आईची दाढ जिना चढताना दुखायची. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कठडा धरून थांबायची आणि म्हणायची, "थांब गं, दाढ बसू दे." मिनिटभरात बसायची, मग पुढे. डॉक्टरांनाही तिने हे अस्संच सांगितलं. पहिल्यांनी गोळी दिली. दुसऱ्यांनी दाढ उपटली. दाढ गेली, दुखणं तिथंच! तिसऱ्यांनी विचारलं, "चावताना दुखतं?" नाही. ईसीजी नॉर्मल असूनही त्यांनी अँजिओग्राफी करायला लावली. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अडलेल्या. फाइलच्या पहिल्याच ओळीत हृदयाचा धोका वाढवणारा पंधरा वर्षांचा मधुमेह लिहिलेला होता. जी दाढ चावताना गप्प बसते आणि जिन्यावर ओरडते, तिच्याबद्दल यापेक्षा धड कसं सांगायचं?

रात्रपाळी
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण एका दाढेवरून सगळ्यांना झोडपू नका. रात्री दोनला घामाने डबडबलेला माणूस येतो. "गॅस धरलाय, इंजेक्शन मारा आणि सोडा." साखर आहे? "नाही." कधी तपासली? "कधीच नाही." पहिला ईसीजी स्वच्छ आला की नातेवाईक उठलेच. थोड्या वेळाने पुन्हा काढू, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन चढायला काही तास लागतात, हे सांगेपर्यंत पायात चपला. सही करून चालते. सकाळी तोच माणूस स्ट्रेचरवर. मग "डॉक्टरांना कळलं नाही".

उंबरठा
ते 'गॅस' म्हणतात कारण आधी दहा वेळा डॉक्टरांनीच 'गॅस आहे' म्हणून परत पाठवलेलं असतं! आणि सांगायला वेळ कोण देतं? १९८४ सालच्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते.

आकडेमोड
त्या अभ्यासात ७४ भेटी होत्या. एवढ्यावर जगातल्या सगळ्या डॉक्टरांना फाशी नको.

उंबरठा
मग तुमचे डॉक्टर किती सेकंद ऐकतात? मोजून या.

वॉर्डातली_सिस्टर
दोघांचंही चुकतंय. पहिल्या माणसाने कागदावर 'अ‍ॅसिडिटी' लिहिलं की पुढचे तिघं तेच उतरवतात. शब्द एकदा चिकटला की चिकटला. आणि माझं जुनं दुखणं सांगूनच टाकते: श्वास कुणी मोजत नाही. कागदावर अख्ख्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला १८! जिना चढून आलेला १८, धापा टाकणारा १८, झोपलेलाही १८. रक्तात जंतुसंसर्ग पसरायला लागला की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो, बीपी नंतर पडतं. २२च्या पुढे गेला तर डॉक्टरला हाक मारायची असते. पण त्यासाठी घड्याळ धरून पेशंटच्या छातीकडे मिनिटभर बघावं लागतं.

एकदाच_सगळं
एवढा काथ्याकूट कशाला? लक्षणांची वाट बघूच नका. दरवर्षी नखशिखान्त तपासणी: सोनोग्राफी, स्कॅन, रक्तातले कर्करोगाचे सगळे मार्कर. माझ्या मेहुण्याला काहीही त्रास नव्हता. सहज केलेल्या सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसली. वेळेत निघाली, आज ठणठणीत.

आकडेमोड
आणि कोरियाचं काय? १९९९ नंतर दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीची मोहीम आली, जोडीला लोक गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायला लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं प्रमाण १९९३च्या पंधरापट झालं. मृत्यू? होते तेवढेच. म्हणजे ज्या गाठींनी आयुष्यात त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी गळे कापले गेले.

एकदाच_सगळं
मेहुणा कोरियाला विचारून वाचला नाही.

निळा_डबा
मी त्या कापलेल्या गळ्यांपैकी. कोरियात नाही, पण गोष्ट तीच. मान आखडली म्हणून स्कॅन केला, मान राहिली बाजूला, थायरॉइडमध्ये बारीक गाठ सापडली. घाबरून पूर्ण ग्रंथी काढली. आता उठल्याबरोबर उपाशीपोटी गोळी, आयुष्यभर. त्या गाठीने मला कधी मारलं असतं का, हे कुणीच सांगू शकत नाही. मान अजून आखडते.

एकदाच_सगळं
जिवंत आहात ना? मग रडगाणं कसलं?

निळा_डबा
तुमच्यासारख्यांमुळेच बोलावंसं वाटत नाही.

वॉर्डातली_सिस्टर
'एकदाच', हे अति होतंय. माफी मागा.

एकदाच_सगळं
शब्द चुकला, मागे घेतो. मत नाही.

उंबरठा
धागा लक्षणांवर होता. तो आता स्कॅनच्या मशीनमध्ये जाऊन अडकलाय. आईच्या वेळी मशीन कमी पडलं नव्हतं, 'कधी दुखतं' हा प्रश्न कमी पडला होता. ज्यांनी तो विचारला, त्यांनी नॉर्मल ईसीजीलाही जुमानलं नाही.

रात्रपाळी
बरं, हे मान्य. अर्धंच. 'पेशंटला सांगता येत नाही' हे वाक्य सकाळी सात वाजता, चौदा तास उभा राहून लिहिलं होतं. 'विचारायला जमत नाही' असं हवं होतं. पण 'कसंतरी होतंय'चा मला खरंच वैताग येतो, तो येणारच.

वॉर्डातली_सिस्टर
डॉक्टर, 'कसंतरी होतंय' म्हणणाऱ्याला मी तर आधी बघते. पोट दुखणारा पोट दाखवतो. आतून काहीतरी भयंकर बिघडलंय एवढंच ज्याला कळतं, त्याच्याकडे बोट ठेवायला जागा नसते.

रात्रपाळी
कविता छान आहे सिस्टर, पण माझ्याकडे रात्रीला असे वीस येतात.

उंबरठा
मग विसांनाही विचारा.

रात्रपाळी (दुसऱ्या दिवशी)
काल एक बाई जबडा धरून आल्या. तुमच्या कृपेने जिन्याचं विचारलं. "हो, चढताना ठणकते." ईसीजी काढला. स्वच्छ. ट्रोपोनिन केलं, तीन तासांनी पुन्हा केलं. दोन्ही निगेटिव्ह. मग तोंडात टॉर्च मारला, तर हिरडी टम्म सुजलेली, आत पू. दाढच होती. खूश?

उंबरठा
खूश. पण पहिलं निगेटिव्ह आलं होतं, तर दुसरं का केलंत?

रात्रपाळी
जिन्याचं 'हो' म्हणाल्या होत्या ना.