लाकडावर चालणारी जुनी शेगडी बसवल्यापासून घरात येणारे चमत्कारिक वास

प्रश्न (व्हरमाँट, अमेरिका)

आम्ही यंदा एका शेतकऱ्याकडून वापरलेली बिडाची शेगडी घेतली. ती काही वर्षे त्यांच्या कोठारात पडून होती आणि देण्यापूर्वी त्यांनी तिला काळा रंग मारला होता. धुराडे साफ करणाऱ्या कारागिराने आतली पोलादी नळी तपासून नवा काळा पाइप जोडला. गेल्या आठवड्यात चार वेळा जाळ केला आणि तीन निरनिराळे वास आले. शेगडी चांगली तापली की जळक्या रंगाचा वास येऊन डोळे चुरचुरतात. ती नुकतीच तापू लागते तेव्हा मुतारीसारखा उग्र दर्प येतो. आणि पावसाळी सकाळी, शेगडी थंडगार असताना, ओल्या राखेत डांबर मिसळावे तसा वास खोलीभर पसरलेला असतो. सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्या रोज कापूर लावतात. शेगडी वापरणे थांबवावे का?

उत्तर १ (न्यू हॅम्पशर)

वास कसला आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे आपण नीट टिपले आहे, त्यामुळे निदान सोपे झाले. पहिला वास रंग पक्का होण्याचा आहे. हा रंग आणि नव्या पाइपावरचा लेप उष्णतेनेच पक्का होतो, आणि शेगडी पूर्वी कधी तापली नव्हती इतकी तापली की तो वास पुन्हा येतो. म्हणून पहिला जाळ लहान, दुसरा त्याहून मोठा आणि तिसरा भरपूर करावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लहान मुलांना व पाळीव पक्ष्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत न्यावे. मात्र पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नाही, याची खात्री करून घ्या, कारण तापल्यावर त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो.

मुतारीचा दर्प बहुधा उंदरांचा आहे. कोठारात पडलेल्या शेगडीच्या तळाशी किंवा मागे उष्णता अडवणारा पत्रा असतो, त्यामागची ऊबदार फट त्यांना फार आवडते. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर तो पत्रा काढून पाहा. लेंड्या व घरटे कोरडे झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने आधी भिजवा, हातमोजे व मास्क घाला आणि मग पुसून घ्या, कारण इथल्या उंदरांच्या विष्ठेच्या धुळीतून हंताविषाणूचा (उंदरांपासून माणसाला होणाऱ्या गंभीर आजाराच्या विषाणूचा) धोका असतो.

उत्तर २ (मिनेसोटा)

तिसऱ्या वासाबद्दल मला थोडी भर घालायची आहे. शेगडी थंड असताना धुराड्यातली हवा खाली वाहू लागली की भिंतीला चिकटलेल्या क्रिओसोटचा (धुरातून साचणाऱ्या डांबरासारख्या थराचा) वास घरात येतो, आणि दमट दिवसांत तो अधिक जाणवतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा किंवा कपडे वाळवण्याचे यंत्र चालू असेल, तर घरातली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची भरपाई धुराड्यातून होते. एक खिडकी दोन बोटे उघडून पाहा. वास कमी झाला तर कारण हेच. नळी तपासली म्हणजे ती घासून साफ केली असे होत नाही, तेव्हा कारागिराला तेवढे विचारून घ्या. लाकूड ओले असले तर हा थर लवकर साचतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा आणि ओकसारखे घट्ट लाकूड वाळायला दोन उन्हाळेही लागतात. तांबडा ओक ओला असताना स्वतःच आंबूस वास देतो, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक. सासूबाईंना आदराने सांगा की काही दिवस कापूर नको, कारण सध्या आपल्याला नाकाचीच गरज आहे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र वासच नसतो. झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा सूचक यंत्रसंच नसेल, तर तो बसेपर्यंत जाळ करू नका. शेगडीमागची भिंत हाताला सोसवत नसेल किंवा तिच्या रंगाचा वास येत असेल, तरीही वापर थांबवा. साध्या एकेरी पत्र्याच्या पाइपापासून जळाऊ वस्तू निदान १८ इंच दूर असायला हव्यात.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आज तळाचा पत्रा काढला. दोन स्क्रू गंजून अडकले होते, त्यांना तेल सोडून तासभर थांबावे लागले. आत वाळलेल्या गवताचे आणि काथ्याचे मूठभर घरटे होते व पत्र्यावर पिवळट डाग होते. भिजवून पुसले आहे आणि आता सारे भाग पोर्चमध्ये वाळत आहेत. सूचक यंत्रे दोन्ही मजल्यांवर आधीपासून आहेत. धुराडे घासायला कारागीर शनिवारी येत आहेत, तोवर शेगडी बंद.