आधी दोन सुया, मशीनचं नंतर बघू

भाऊ, चामड्याची पाकिटं-पट्टे हौसेनं करायचे, तर मशीन घ्यावं की हातानं शिवावं, हा तुमचा प्रश्न. माझं मत सरळ आहे: आधी हातशिलाई.

तुम्हाला कुणीतरी घरची पायमशीन सुचवलीय. चामड्याची सुई लावून मऊ, पातळ चामडं निघेलही. पण पट्ट्याचं दुहेरी, चार-पाच मिलिमीटरचं काम तिच्या आवाक्यातलं नाही. खालचे दाते ओरखडे पाडतात, चामडं दाबून धरणारा वरचा पाय त्याला चिकटतो आणि टाके लहान-मोठे पडतात. त्यात कापडासारखं उसवून पुन्हा शिवायची सोय नाही, पडलेलं भोक तसंच राहतं.

हाताच्या कामात दोरा एकच, दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनमध्ये वरचा आणि खालच्या बॉबिनचा दोरा मधोमध नुसते अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. खोगीर-लगामाला म्हणूनच हाच टाका. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजारात गेलात तर घोड्याच्या सामानाच्या दुकानात पट्टा उलटा करून बघा, फरक कळेल. (दुकानदार वैतागतो, पण बघू देतो.)

दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्या. मेण लावलेलाच घ्या, फक्त मे महिन्यात जळगावच्या उन्हात रीळ बाहेर ठेवू नका.

वेळ लागतो, खरंय. ऑर्डरी यायला लागल्या की वरचा पायही चामडं पुढे ढकलतो असं मशीन बघा.