'प्रपंच पाश' म्हणजे गोऱ्यांसाठी काढलेलं पोस्टकार्ड? साफ नामंजूर

सांगलीकर_मिलिंद: काल इथे एकाने लिहिलं, "प्रपंच पाश (१९२९चा मूकपट) म्हणजे हत्ती, वाघ, राजवाडे. जर्मन दिग्दर्शकाने युरोपसाठी काढलेलं पोस्टकार्ड. याला भारतीय सिनेमा म्हणू नका." वाचून राहवलं नाही.

फ्रान्झ ऑस्टेन जर्मन होता, मान्य. पण निर्माता हिमांशु राय, कथा निरंजन पाल यांची आणि बीज महाभारतातल्या द्यूताचं. रणजित आणि सोहत हे दोन राजे, दोघांचाही जीव आश्रमातल्या सुनीतावर. तिच्या वडिलांना खटकतो तो रणजितचा जुगार. त्याला सगळं माहीत असतं, तरी तो फाशांना हात लावतो आणि राज्य जातं, सुनीताही जाते. सोहतचे फासे खोटे असतात, पण खेळायला बसण्याची ओढ रणजितची स्वतःचीच. यात पोस्टकार्ड कुठे आलं?

पेठेतला_प्रेक्षक: ती पोस्ट माझी आणि मी ठाम आहे. दहा हजार माणसं, हजार घोडे, संस्थानिकांनी दिलेले हत्ती, हे कुणाला दिपवायला? पैसा जर्मनीच्या उफा या फिल्म कंपनीचा. नायिका सीता देवी म्हणजे रेनी स्मिथ, अँग्लो-इंडियन. अस्सल हवं तर बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' घ्या. १९२५ साली कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला त्यांनी.

भुसावळची_रीटा: अँग्लो-इंडियन म्हणजे भारतीय नाही? माझी आजी इथल्या रेल्वे कॉलनीत जन्मली, इथेच मेली. आयुष्यभर तिला "तुमचा देश कुठला" हेच विचारलं लोकांनी. शब्द मागे घ्या.

पेठेतला_प्रेक्षक: तुमच्या आजींबद्दल मी काही बोललो नाही. पण ठीक, ते वाक्य मागे घेतो. बाकी मुद्दा तसाच.

रंकाळा_काठ: अहो, 'सावकारी पाश' पाहिलाय कुणी? प्रत उरलेलीच नाही! माझ्या पणजोबांचा तंबू सिनेमा होता. माळ्यावर मूकपटांच्या रिळांचे डबे होते. घरच्यांनी चांदीसाठी मोडीत घातले. नायट्रेट फिल्म जाळून चांदी काढत. डब्यांवरची नावं वाचायचीही तसदी कुणी घेतली नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले धड तीससुद्धा उरले नाहीत. फाळकेंचे काही तुकडे आहेत, ते राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरसाहेबांनी जिवापाड जपले म्हणून.

सांगलीकर_मिलिंद: विषय भरकटतोय.

रंकाळा_काठ: भरकटत नाही, विषय हाच आहे. 'प्रपंच पाश' बघून तुम्ही भांडू शकता, कारण ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने प्रत सांभाळली, २००६ मध्ये दुरुस्त केली, नितीन साहनी यांनी नवं संगीत दिलं. पेंटरांच्या सिनेमावर आपण ऐकीव माहितीवर भांडतोय.

पेठेतला_प्रेक्षक: म्हणजे गोऱ्यांचे उपकार माना?

रंकाळा_काठ: माना! पुण्यात २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, किती जुन्या फिल्म खाक झाल्या. तेव्हा आवाज उठवला होता का तुम्ही?

पेठेतला_प्रेक्षक: नाही उठवला. प्रत जपली त्याचं श्रेय त्यांना, घ्या. तरी प्रपंच पाशमधला तो शिकारीचा थाट मला परकाच वाटतो, आणि हे मत मी बदलणार नाही.

भुसावळची_रीटा: नका बदलू. पण पुन्हा बघाल तेव्हा सुनीताकडे नीट बघा. अख्खा सिनेमा तिने पेललाय.