फ्रँचाइझ कादंबरीचा संपादक: लेखकाच्या बाजूचा की मालकाच्या?

(चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

समासनोंद

विज्ञानकथा फ्रँचाइझच्या कादंबऱ्यांचं संपादन हे माझं अकरा वर्षांचं काम. फ्रँचाइझ म्हणजे 'स्टार ट्रेक'सारखं चित्रपट-मालिकांचं कथाविश्व. ते एका कंपनीच्या मालकीचं, प्रकाशकाकडे त्याचा परवाना, लेखक करारावर आणि या सगळ्यांच्या मध्ये संपादक. 'त्यात संपादन करण्यासारखं असतं काय, सगळं वरूनच ठरून येतं,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज मनातलं लिहूनच टाकते. माझ्या मते स्वतंत्र कादंबरीपेक्षा इथे संपादकाचा कस जास्त लागतो, आणि हे काम साहित्याचंच आहे.

लेखक आधी काही पानांची रूपरेषा देतो. ती मालक कंपनीकडे मंजुरीला जाते, मग लेखन, मग पूर्ण हस्तलिखित पुन्हा तिकडे. दरवेळी शेरे येतात. मुख्य पात्रांना मारायचं नाही, त्यांची लग्नं लावायची नाहीत, शेवटी सगळं जिथल्या तिथे. एवढं सांभाळून वाचकाला तीनशे पानं धरून ठेवायचं. त्यात चौथ्या प्रकरणात प्रवासाला नऊ दिवस लागतात आणि सतराव्यात चार, हेही मीच पकडायचं, कारण चाहते पहिल्याच वाचनात पकडतात.

एकच प्रसंग सांगते. एका हस्तलिखितात इंजिनरूममधली तंत्रज्ञ मरते आणि कॅप्टन ढसाढसा रडतो. लेखिकेने मनापासून लिहिलं होतं. तिकडून शेरा आला: 'कॅप्टन रडत नाही.' तीन शब्द, कारण काही नाही. मी आणि लेखिका दोन संध्याकाळी फोनवर बसलो. शेवटी तिने लिहिलं ते असं: रात्रपाळीच्या फलकावर मेलेल्या मुलीचं नाव तसंच आहे. कॅप्टन ते पुसायला बोट उचलतो, पुसत नाही. नावापुढे 'हजर' अशी खूण करतो आणि रात्रभर तिच्या जागी स्वतः उभा राहतो. हे लगेच मंजूर झालं. अडथळा नसता तर हा प्रसंग सुचलाच नसता.

आणि या पुस्तकांचं देणं कमी नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या सुलू या पात्राचं 'हिकारू' हे पहिलं नाव व्होंडा मॅकइन्टायर यांच्या १९८१ च्या कादंबरीतून आलं आणि १९९१ च्या सहाव्या चित्रपटात पडद्यावर उच्चारलं गेलं. दहा वर्षं ते फक्त छापील पानावर जगलं.

उलटतपासणी

तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मुळीच पटला नाही. तुमचाच प्रसंग घेऊ. लेखिकेला तो माणूस रडायला हवा होता. बोधचिन्हाची काळजी असलेल्या कुणीतरी 'नाही' म्हटलं. तुम्ही लेखिकेला त्या 'नाही'शी जुळवून घ्यायला मदत केलीत, तीही उत्तम केलीत. पण शेवटचा शब्द कुणाचा होता? संपादकाला लेखकाशी भांडायचा हक्क असतो, कारण दोघंही पुस्तकासाठी भांडत असतात. तो तीन शब्दांचा शेरा पुस्तकासाठी नव्हता, मालमत्तेसाठी होता.

१९८५ चं उदाहरण बघा. 'स्टार ट्रेक'च्या 'किलिंग टाइम' या कादंबरीची पहिली आवृत्ती परत मागवावी लागली, कारण मालक कंपनीने सांगितलेले बदल न झालेली संहिता छापली गेली होती. मग दुरुस्त आवृत्ती आली. खरा संपादक कोण, हे त्या एका घटनेत दिसतं. ज्याच्या होकाराशिवाय छापलेलं पुस्तकही दुकानातून उचललं जातं, तो.

तुम्ही कसब म्हणता ते मला मान्य आहे. पण कसब असणं आणि साहित्याची बाजू घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुना वाचक

मी फक्त वाचक आहे, त्यामुळे वाचकाचंच दुखणं सांगतो. २५ एप्रिल २०१४ ला लुकासफिल्म या मालक कंपनीने जाहीर केलं की 'स्टार वॉर्स'च्या आजवरच्या कादंबऱ्या यापुढे 'लेजेंड्स' या शिक्क्याखाली निघतील. सरळ अर्थ: तुम्ही इतकी वर्षं वाचलंत ते घडलंच नाही. १९९९ च्या 'व्हेक्टर प्राइम' या कादंबरीत च्यूबाका हे चित्रपटांतलं लाडकं पात्र मेलं तेव्हा मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं. पंधरा वर्षांनी एका निवेदनाने तो जिवंत झाला. आनंद व्हायला हवा होता, पण माझं दुःखच कुणीतरी रद्द केल्यासारखं वाटलं.

तरीही समासनोंद यांचं म्हणणं मला पटतं. टिमोथी झान यांनी १९९१ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या कादंबरीत उभा केलेला थ्रॉन हा खलनायक त्या शिक्क्याखाली गेला, आणि २०१६ मध्ये 'रेबेल्स' मालिकेत परत आला. इतका घट्ट लिहिलेला होता की मालकालाच तो सोडवेना. अशा पात्रामागे लेखकाइतकाच चांगला संपादकही असतो, असं मी मानतो.

तिसरा मसुदा

मी अशा दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे असं म्हणून सुटका करून घेणार नाही. मी उलटतपासणी यांच्या बाजूने आहे.

माझी संपादक फार चांगली होती. संवादातून माहिती कशी काढून टाकायची हे तिने मला शिकवलं: 'दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट दोघं एकमेकांना सांगणार नाहीत.' हे वाक्य आजही डोक्यात आहे. पण माझ्या कादंबरीतलं एक दुय्यम पात्र पुढे दुसऱ्याच्या पुस्तकात दिसलं, तेव्हा मला कुणी कळवलंसुद्धा नाही. कळवायची गरजच नव्हती. करारानुसार ते पात्र माझं कधी नव्हतंच. संपादकाने याबद्दल ब्रही काढला नाही. तिचा हातही तिथे पोचत नव्हता, हेच माझं म्हणणं आहे.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचं बघा. मालिका १९८९ मध्ये थांबली आणि १९९१ पासून 'न्यू ॲडव्हेंचर्स' ही कादंबरीमालिका निघाली. तिथल्या संपादकांनी नवख्यांची हस्तलिखितं मागवली, वाचली, छापली. पॉल कॉर्नेल यांची १९९५ ची 'ह्यूमन नेचर' त्यातलीच, जिच्यावर २००७ मध्ये दूरचित्रवाणीचे दोन भाग झाले. पुढे मालिका पुन्हा उभी करणारे रसेल टी डेव्हिस यांनीही १९९६ मध्ये त्यात कादंबरी लिहिली. इतकी धीट पुस्तकं तेव्हाच का निघाली? कारण पडद्यावर मालिका नव्हती आणि मालकाचं लक्ष दुसरीकडे होतं. बंधनांमुळे कल्पकता फुलते हे धाग्यातलं म्हणणं इथे उलटं पडतं.

समासनोंद

तिसरा मसुदा, तुमचा मुद्दा लागला. पात्राच्या हक्काबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, आणि आम्ही संपादक त्याबद्दल गप्प राहतो हेही खरं. निदान कळवायला हवं होतं. तेवढं तर आमच्या हातात असतं.

पण 'डॉक्टर हू'च्या उदाहरणाचा अर्थ मी वेगळा लावते. मालकाने पाठ फिरवल्यावर ती पुस्तकं आपोआप चांगली झाली नाहीत. नवख्यांच्या हस्तलिखितांच्या ढिगातून उचलण्याजोगं काय आहे, हे कुणीतरी बसून वाचलं म्हणून झाली. आणि कडक चौकटीतलं उदाहरण हवं असेल तर 'पेरी ऱ्होडान' ही जर्मन विज्ञानकथामालिका आहे. १९६१ पासून दर आठवड्याला एक अंक, आजवर तीन हजारांहून जास्त. तिथे कथानकाचा आराखडा एक-दोन जण लिहितात आणि प्रत्यक्ष अंक वेगवेगळे लेखक. याहून घट्ट चौकट मला माहीत नाही, तरी वाचक साठ वर्षं टिकले.

उलटतपासणी

वाचक टिकले म्हणजे लेखक मोकळे होते असं नाही. तो मुद्दा बाजूला ठेवतो, कारण मला एकच गोष्ट विचारायची आहे. पाळीच्या फलकाचा प्रसंग जास्त चांगला आहे असं तुम्ही म्हणता. लेखिकेला कधी विचारलंत? आणि तो तीन शब्दांचा शेरा आला तेव्हा एकदा तरी 'का?' असं लिहून परत पाठवलात का?

समासनोंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही पाठवला. छपाईची तारीख जवळ होती आणि आधीच्या चार शेऱ्यांवर मी भांडले होते, त्यातले दोन जिंकले होते. पाचव्यावर भांडायचं नाही असं मी ठरवलं. हे मी लेखिकेला तेव्हा सांगितलं नव्हतं. हल्ली सांगते, कुठल्या शेऱ्यावर भांडायचं याची यादी लेखकासोबत बसून करते.

पहिल्याचं: विचारलं होतं, पुस्तक आल्यावर. ती म्हणाली, फलकाचा प्रसंग चांगला आहे, वाचक त्याच्याबद्दलच लिहितात. मग थोडं थांबून म्हणाली, 'पण रडण्याचं ते पान मी जपून ठेवलंय.'